मग पुढे काय झाले?

या पुस्तिकेतील चरित्रपर लेखनाचा घटक वाचायला घेण्यापूर्वी तुम्हांला माझ्या एका चुकीची हकिगत सांगावी, असे मनात आहे. मी महाविद्यालयात भाषाविज्ञान शिकवतो आणि सुट्टीच्या दिवशी दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्यांची संपर्कसत्रे घेतो. पन्नाशी ओलांडलेल्या शिक्षकाला आपल्या शब्दांचे वजन ठाऊक असेल, असे समोर बसलेले गृहीत धरतात. मला ते ठाऊक नव्हते. ते मला मेळघाटातील सेमाडोहच्या एका विद्यार्थ्याने शिकवले.

२०२५ च्या ऑगस्टमधला तो रविवार होता. विषय होता भाषासंपादन, म्हणजे मूल भाषा कशी आत्मसात करते हा. एरिक लेनेबर्ग यांनी १९६७ साली मांडलेला सिद्धान्त मी समजावून सांगत होतो. मातृभाषा आत्मसात करण्याची क्षमता बालपणापासून यौवनारंभापर्यंतच्या काळात विशेष जागी असते आणि पुढे ती मंदावते, हे त्याचे सार. वर्ग पेंगुळला होता. त्याला जागे करावे म्हणून मी बुद्धिबळाचा दाखला घेतला. नुकतेच जुलैमध्ये नागपूरच्या दिव्या देशमुख यांनी जॉर्जियातील बाटुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकला होता. वय अवघे एकोणीस. विदर्भात घरोघरी त्याचीच चर्चा होती. त्या उत्साहात मी म्हणालो, ‘‘हे आजचेच नाही. सुमारे पन्नास वर्षांपूर्वी मुंबईच्या रोहिणी खाडिलकर वयाच्या तेराव्या वर्षी महिलांच्या राष्ट्रीय विजेत्या झाल्या होत्या. शिकण्याचे एक वय असते. ते निघून गेले की गेले.’’

शेवटची दोन वाक्ये लेनेबर्ग यांची नव्हती. ती माझी होती, आणि टाळीसाठी घातलेली होती.

मागच्या बाकावर एक गृहस्थ बसले होते. वय बेचाळीस, मातृभाषा कोरकू, व्याघ्रप्रकल्पात पर्यटकांना जंगल दाखवणारे गाईड. पावसाळ्यात सफारीचे काम थांबते, त्या दिवसांत ते सेमाडोहहून सत्राला येत. त्यांनी हात वर केला आणि विचारले, ‘‘सर, मंग पुढं काय झालं त्यायचं?’’

मी म्हणालो, ‘‘पुढे काय? त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला.’’ आणि फळ्याकडे वळलो. खरे सांगायचे तर पुढे काय झाले, ते मला माहीत नव्हते.

पुढच्या सत्राला ते आले नाहीत, त्याच्या पुढच्यालाही नाहीत. त्यांच्याबरोबर येणाऱ्या एका विद्यार्थ्याकडे चौकशी केली, तेव्हा तो संकोचून म्हणाला, ‘‘ते म्हणतात, सरांनीच सांगतलं का वय निघून गेलं म्हणून.’’

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. ज्या उदाहरणाने मी एका माणसाचे शिक्षण थांबवले होते, ते उदाहरणच मला अर्धे माहीत होते. म्हणून प्रथम मी ते पूर्ण करायला घेतले.

खाडिलकर हे आडनाव मराठीच्या विद्यार्थ्याला परके नाही. ‘कीचकवध’ आणि ‘संगीत मानापमान’ लिहिणारे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांनी १९२३ साली ‘नवाकाळ’ हे दैनिक सुरू केले. त्यांचे नातू नीलकंठ खाडिलकर यांनी ते पुढे चालवले. नीलकंठरावांच्या वासंती, जयश्री आणि रोहिणी या तिन्ही मुली बुद्धिबळ खेळल्या. भारतात महिलांची राष्ट्रीय स्पर्धा १९७४ साली सुरू झाली, तेव्हा पहिले विजेतेपद वासंती यांनी मिळवले. जयश्री १९७९ साली भारतातील पहिल्या महिला आंतरराष्ट्रीय मास्टर झाल्या. पहिल्या दशकात हे राष्ट्रीय विजेतेपद बहुतांशी याच घरात राहिले.

रोहिणी या तिघींत धाकट्या, जन्म १९६३ चा. फेब्रुवारी १९७६ मध्ये केरळमधील कोट्टायम येथे त्या राष्ट्रीय विजेत्या झाल्या. पुढे त्यांनी हा मान एकूण पाच वेळा मिळवला. त्याच वर्षी त्या पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या. तेथे खेळणाऱ्या त्या पहिल्या स्त्री खेळाडू होत. त्यावरून मोठा वाद माजला आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. जागतिक बुद्धिबळ संघटनेचे अध्यक्ष तेव्हा मॅक्स यूवे होते, स्वतः माजी जगज्जेते. राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय स्पर्धांत स्त्रियांना मज्जाव करता येणार नाही, असा निर्वाळा त्यांनी दिला. विचार करा, एका शाळकरी मुलीच्या पटावर बसण्याने जगभरच्या स्त्रियांसाठी एक दार उघडे राहिले. पुढे १९८१ साली हैदराबाद येथे झालेल्या आशियाई महिला स्पर्धेत त्या एकही डाव न हरता १२ पैकी ११.५ गुण मिळवून विजेत्या ठरल्या. त्याच वर्षी त्या महिला आंतरराष्ट्रीय मास्टर झाल्या. १९८३ साली क्वालालंपूरला त्यांनी आशियाई विजेतेपद पुन्हा मिळवले.

माझ्या वर्गातील कथा येथेच संपत होती. पदकांची यादी संपली की आपण चरित्र मिटवून ठेवतो.

मग पुढे काय झाले? १९९३ साली, तिशीत, त्यांनी स्पर्धात्मक बुद्धिबळ सोडले आणि पत्रकारितेच्या पदविका अभ्यासक्रमाला नाव घातले. मुद्रणतंत्राचेही शिक्षण घेतले. डिसेंबर १९९८ मध्ये त्या ‘संध्याकाळ’ या सायंदैनिकाच्या संपादक झाल्या. मराठी सायंदैनिकाचे संपादकपद स्त्रीकडे येण्याचा तो पहिलाच प्रसंग मानला जातो.

हे वाचून माझी मान खाली गेली. ‘शिकण्याचे वय निघून गेले की गेले’ या विधानासाठी मी ज्यांचे नाव घेतले होते, त्यांनीच तिसाव्या वर्षी वर्गात विद्यार्थी म्हणून बसून त्या विधानाला उत्तर दिलेले होते. मी उत्तर लपवून प्रश्न तेवढा शिकवला होता.

नोव्हेंबरात मी सेमाडोहला गेलो. परतवाडा मागे पडले की रस्ता चढू लागतो. घटांग ओलांडले की दोन्ही बाजूंना सागाचे रान लागते आणि मोबाइल खिशातच मुका होतो. सेमाडोहला पोचलो तेव्हा आमचे विद्यार्थी सकाळची सफारी आटोपून परतले होते. मला पाहून ते गडबडले. घरातून खाट आली, चहा आला. मग आम्ही दोघे सिपना नदीच्या काठी जाऊन बसलो.

मी म्हणालो, ‘‘भाऊ, मी त्या दिवशी अर्धेच सांगितले. राहिलेले सांगायला आलो आहे.’’

रोहिणी खाडिलकरांची पुढची कथा त्यांनी शांतपणे ऐकून घेतली. पाण्यात एक खडा टाकला आणि म्हणाले, ‘‘सर, त्यायच्या घरी पेपर होता. घरचा छापखाना होता. माह्या बापाले सही येत नव्हती.’’

विद्यार्थी मित्रहो, या वाक्यापाशी तुम्हीही थांबा. उदाहरणे देणारे आम्ही शिक्षक येथेच चुकतो. ते म्हणत होते ते खरे होते. ज्या घरात बुद्धिबळाचा पट, सोबत खेळणाऱ्या दोन बहिणी आणि पाठीशी उभे राहणारे वडील असतात, त्या घरात तेरावे वर्ष लवकर येते. जेथे शाळाच दूर असते, तेथे ते बेचाळिसाव्या वर्षी येऊ शकते. कोणी कोणत्या वयात काय मिळवले, या नोंदीत त्या व्यक्तीची बुद्धी असते, कष्ट असतात आणि संधी दारात केव्हा आली तो दिवसही असतो. आपण फक्त वय वाचतो. माझ्याजवळ त्यांना देण्यासारखे उत्तर नव्हते. मी म्हणालो, ‘‘खरे आहे.’’

काही वेळ दोघेही गप्प होतो. मग तेच म्हणाले, ‘‘पण वर्गात तं त्यायलेच बसा लागलं ना.’’

मी अमरावतीहून जे सांगायला आलो होतो, ते त्यांनी एका वाक्यात सांगितले होते.

तेवढ्यात पलीकडच्या रानातून सांबराचा आवाज आला. एकदा, मग पुन्हा. त्यांनी मान वळवली. चितळ कशालाही ओरडते, वानरही ओरडते. पण सांबर असे थांबून थांबून ओरडले तर वाघ किंवा बिबट्या जवळ आहे असे समजावे, हे त्यांनी मला सांगितले. हे कोणत्या वयात शिकलात, असे विचारले. ‘‘कोन जाने. बापासंगं जंगलात जाये, तवाच,’’ ते म्हणाले. या माणसानेही दहाव्या-बाराव्या वर्षी एका विद्येत प्रावीण्य मिळवले होते. त्या विद्येला स्पर्धा नव्हती, म्हणून त्याची नोंद कोठे झाली नाही, एवढेच.

मग मी त्यांना बुद्धिबळावरचा एक प्रयोग सांगितला. १९७३ साली विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन या अमेरिकी संशोधकांनी तो प्रसिद्ध केला. खऱ्या डावातील मांडणी काही सेकंद दाखवून झाकली, तर निष्णात खेळाडू बहुतेक मोहरी जागच्या जागी मांडून दाखवत. नवशिक्यांना थोडीच आठवत. पण तीच मोहरी पटावर कशीही विखरून ठेवली, तर निष्णात खेळाडूची आघाडी जवळजवळ नाहीशी होई. तो आणि नवशिका सारखेच गोंधळत. निष्णाताची स्मरणशक्ती मुळात अचाट नसते. वर्षानुवर्षे पाहिलेल्या मांडण्या त्याच्या ओळखीच्या झालेल्या असतात, आणि ओळख तेवढ्याच पटापुरती असते.

ते हसले. ‘‘म्हणजे जंगलातले आवाज कोनी उलटेपालटे केले, तं मी बी नवाच.’’

अगदी बरोबर. नव्या पटावर प्रत्येक जण नवशिका असतो. सुलतान खान यांचे उदाहरण घ्या. पंजाबातील हा खेळाडू देशी पद्धतीने बुद्धिबळ खेळून मोठा झाला. त्या पद्धतीत प्याद्याला पहिल्या चालीत दोन घरे जाता येत नाही, आणि शेवटच्या घरात पोचलेले प्यादे त्या घराचे जे मोहरे असेल तेच होते. युरोपीय नियम त्यांनी १९२६ च्या सुमारास, ऐन विशीत नव्याने शिकले. आणि १९२९, १९३२ व १९३३ अशी तीन वर्षे ब्रिटिश विजेतेपद मिळवले. जुन्या खेळाची जाण त्यांच्या कामी आली असेल, पण नव्या खेळाचे नियम तर मुळापासूनच शिकावे लागले. आमच्या अमरावतीचे स्वप्निल धोपाडे विदर्भाचे पहिले ग्रँडमास्टर झाले ते पंचविशीत. आज तेरा-चौदा वर्षांची मुले ग्रँडमास्टर होतात, त्या मानाने हे उशिराच. म्हणून त्या पहिलेपणाचे मोल उणे होत नाही.

‘‘पण सर, व्याकरण काही डोक्यात घुसत नाई,’’ ते म्हणाले. ‘‘‘तो’ कुठं, ‘ती’ कुठं, ‘ते’ कुठं, हे मले आजही समजत नाई.’’

आता मी माझ्या पटावर आलो होतो. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, संताळी आणि मुंडारीची बहीण. मराठीचे कूळ वेगळे. ‘कोरकू’ या नावातच व्याकरण आहे. ‘कोरो’ म्हणजे माणूस आणि ‘कू’ हा अनेकवचनाचा प्रत्यय. कोरकू म्हणजे माणसे. या भाषेत नामांचे वर्गीकरण मराठीप्रमाणे पुल्लिंग, स्त्रीलिंग, नपुंसकलिंग असे होत नाही. सजीव आणि निर्जीव असा भेद तेथे महत्त्वाचा असतो. मग कोरकू बोलत वाढलेल्या माणसाला खुर्ची ‘ती’ का आणि टेबल ‘ते’ का, हा प्रश्न पडला तर त्यात मंदपणा कसला? उलट कोरकूत एकवचन आणि अनेकवचन यांच्या जोडीला द्विवचनही आहे. संस्कृतात ते होते. मराठीत ते उरले नाही. मी म्हणालो, ‘‘भाऊ, दोघांसाठी वेगळे वचन वापरायला तुम्ही पाळण्यात शिकलात. माझे विद्यार्थी ते संस्कृतच्या तासाला घोकतात. तुम्हांला व्याकरण येते. मराठीचे तेवढे नवे आहे.’’

आणि लेनेबर्ग यांच्याविषयी राहिलेलेही सांगितले. त्यांचा सिद्धान्त मुख्यतः पहिल्या भाषेविषयी आहे. दुसरी भाषा मोठेपणी शिकताना उच्चारात मूळ भाषेची छटा बहुधा राहते, हे खरे. पण शब्दसंग्रह आयुष्यभर वाढत राहतो. नेदरलँड्समध्ये राहून डच शिकणाऱ्या इंग्रजी भाषकांचा एक अभ्यास १९७८ साली प्रसिद्ध झाला. त्यात सुरुवातीच्या महिन्यांत कुमारवयीन मुले आणि प्रौढ माणसे लहानग्यांच्या पुढे होती. तीन ते पाच वर्षांची मुले सर्वांत मागे होती. हे मला ऑगस्टमध्येही ठाऊक होते. टाळी मिळणार नाही म्हणून मी ते सांगितले नव्हते. कोरकू, हिंदी आणि वऱ्हाडी बोलणारा माणूस प्रमाण मराठी शिकतो आहे, म्हणजे तो चौथ्या पटावर बसला आहे. त्याला ‘वय निघून गेले’ असे सांगणारा मी स्वतः मराठी आणि इंग्रजीपलीकडे कोणत्याही भाषेत सलग दहा वाक्ये बोलू शकत नाही.

ते पुन्हा सत्राला येतील का, हे मी निघताना विचारले नाही. त्यांनीही सांगितले नाही. मोटारीपर्यंत पोचवायला आले आणि ‘‘अंधार पडायच्या आधी घाट उतरा, सर,’’ एवढे म्हणाले.

फेब्रुवारीत त्यांचा स्वाध्याय माझ्या टेबलावर आला. विषय होता, ‘परिचयातील एका व्यक्तीचे चरित्र’. त्यांनी वडिलांवर लिहिले होते. सुरुवातीला जंगलात पाऊलखुणा ओळखणारा तरुण मुलगा होता, साहेबांना वाट दाखवणारा. बहुतेकांनी चरित्र तेथेच संपवले असते. त्यांनी मात्र पुढे लिहिले होते. वडिलांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला, जंगलात जाणे थांबले. आता ते अंगणात बसून केवळ आवाजावरून पक्षी ओळखतात आणि नातवंडांना त्यांची कोरकू नावे सांगतात. त्यांतली काही नावे आपल्यालाही ठाऊक नव्हती, असे मुलाने प्रांजळपणे नोंदवले होते. म्हाताऱ्या वडिलांकडून तो नव्याने शिकत होता.

ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका भरपूर होत्या. दोन ठिकाणी लिंगही चुकले होते. त्या चुका मी लाल शाईने दाखवल्या, कारण त्या न दाखवणे हा दयेचा अपमानकारक प्रकार झाला असता. गुण दिले वीसपैकी चौदा. शेऱ्याच्या जागी लिहिले, ‘‘पुढे काय झाले, हे सांगितलेत. हेच चरित्र.’’

त्यांची परीक्षा अजून व्हायची आहे. निकाल काय लागेल, हे मी सांगू शकत नाही. तसा शेवट जोडून हा लेख गोड करण्याचा मला अधिकारही नाही.

तुमच्यापैकी कोणी नोकरी सांभाळून शिकत असेल, कोणी मुले मोठी झाल्यावर पुन्हा पुस्तक हाती घेतले असेल. लहान वयात मोठे यश मिळवलेल्यांच्या कथा तुम्हांला पावलोपावली ऐकवल्या जातील. त्या आदराने ऐका, कारण ते यश खरे असते आणि कष्टाचेही असते. पण ऐकून झाल्यावर मागच्या बाकावरून तो प्रश्न जरूर विचारा. चरित्र वाचताना विचारा, आत्मचरित्र वाचताना विचारा, आणि स्वतःविषयी निराश वाटेल तेव्हा स्वतःलाही विचारा: मग पुढे काय झाले?

विचार करा आणि लिहा

१. तुम्ही वाचलेल्या एखाद्या चरित्रपर लेखात नायकाच्या आयुष्याचा कोणता भाग गाळलेला आहे? तो का गाळला असावा?

२. ‘नव्या पटावर प्रत्येक जण नवशिका असतो,’ या विधानाचा तुमच्या स्वतःच्या व्यवसायातील एका अनुभवाच्या आधारे परामर्श घ्या.

३. तुमच्या परिसरातील एका व्यक्तीचे सुमारे ५०० शब्दांत चरित्र लिहा. त्या व्यक्तीच्या सर्वांत मोठ्या यशानंतरच्या काळाला किमान निम्मी जागा द्या.